चेंबरचे बूच

मालमोटारीच्या अंगावर नट-बोल्ट शेकड्यांनी असतात आणि त्यांतल्या बहुतेकांचे काम दोन वस्तूंना एकमेकींशी धरून ठेवण्याचे असते. थोडे बोल्ट मात्र असे, की त्यांना काही धरून ठेवायचे नसते, नुसते अडवायचे असते. इंजिनाच्या पोटाखाली तेल साठवणारी जी परात असते, तिला आपल्याकडचे मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात. त्या चेंबरच्या तळाशी, सर्वांत सखल जागी, असा एक बोल्ट बसवलेला असतो. कारखान्याच्या पुस्तकात त्याचे नाव ‘ड्रेन प्लग’. गॅरेजात तो ‘चेंबरचा नट’. मी त्याला बूच म्हणतो, कारण बाटलीच्या बुचाचेच काम तो करतो. फरक इतकाच, की बाटलीचे बूच वरच्या अंगाला असते आणि ते निघाले तरी बाटली उभी असेतोवर आतले सांडत नाही. हे बूच तळाशी आहे. ते निघाले, की मध्यम आकाराच्या ट्रकच्या इंजिनातले पंधरा-वीस लिटर तेल काही मिनिटांत रस्त्यावर येते.

तेल गेले म्हणून इंजिन ताबडतोब थांबत नाही. ते आणखी थोडा वेळ चालत राहते आणि त्या थोड्या वेळातच सगळा घात होतो. क्रँकशाफ्ट आणि त्याला पेलणारी बेरिंगे यांच्यामध्ये तेलाचा एक पातळ थर असतो. धातूने धातूला शिवू नये एवढीच त्याची कामगिरी. तो थर तुटला, की बेरिंग तापते, मऊ पडते, ओरखडते आणि शेवटी शाफ्टला घट्ट धरून बसते. ट्रकवाले म्हणतात, ‘इंजिन सीज झाले.’ त्या तीन शब्दांमागे बँकेचे हप्ते असतात, गावाकडे गहाण पडलेले रान असते, कधी मुलीचे ठरलेले लग्न असते. अंगठ्याहून थोड्या जाड अशा लोखंडाच्या तुकड्याच्या भरवशावर हे सगळे रात्रंदिवस रस्त्याने धावत असते, आणि धावणाऱ्यांपैकी कितीकांना तो तुकडा डोळ्यांनी पाहिल्याचे आठवत असेल, याची मला शंका आहे.

या बुचाला अडवण्याचे बळ त्याच्या आट्यांमुळे येते, असा सार्वत्रिक समज आहे. ‘आटे’ हा आपल्या भाषेतला मोठा नेमका शब्द. जुनी माणसे मळसूत्र म्हणत. त्यातले सूत्र फार सुंदर आहे, पण गॅरेजातल्या काळवंडलेल्या तोंडी ते बसत नाही. हिंदी आणि दख्खनी बोलणारे मिस्त्री ‘चूडी’ म्हणतात. त्यांना बोल्टाच्या अंगावर ओळीने चढवलेल्या बांगड्या दिसतात. वस्तुतः ती एकच बांगडी असते, टोकापासून डोक्यापर्यंत गुंडाळत गेलेली. आपण म्हणतो आटे गेले. ते म्हणतात चूडी मेली. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, अशी आपली म्हण आहे. आटे गेलेला बोल्ट हातात घेऊन पाहावा, तर म्हणीच्या अगदी उलट प्रकार दिसतो: सुंभ शाबूत आणि पीळ तेवढा गेलेला.

तर आटे तेल अडवीत नाहीत. आटे फक्त ओढतात. बुचाचे डोके आणि चेंबरचा काठ यांच्यामध्ये एक चकती असते, बहुधा तांब्याची. मिस्त्री तिला ‘वायसर’ म्हणतात. आटे बुचाला आत ओढतात, त्या ओढीने चकती दोहोंमध्ये किंचित चेंगरते, दोन्ही बाजूंच्या बारीक खाचा-उंचवट्यांत भरून जाते आणि तेलाची वाट बुजते. अडवण्याचे श्रेय चकतीचे आहे. ती एकदा चेंगरली, की कठीण होते. पुन्हा लावायची तर तांबडीलाल तापवून मऊ करून घ्यावी लागते, किंवा नवी घ्यावी लागते. तिची किंमत चहाच्या एका कपाच्या आसपास. हे ज्यांना ठाऊक नसते, ते जुनीच चकती लावतात, थेंब गळताना पाहतात आणि मग बूच आणखी आवळतात. घरातल्या नळाचे असेच होते. आतला वायसर झिजलेला असतो आणि आपण नळाची मान पिळीत बसतो; गळणे काही दिवस थांबते आणि मग नळच बदलावा लागतो.

किती आवळावे याचे माप ठरलेले आहे. बावीस मिलिमीटर व्यासाच्या अशा बुचाला साधारण साठ ते ऐंशी न्यूटन-मीटर पिळाचा जोर पुरतो. हे आकडे मला पुष्कळ दिवस उमजत नव्हते. मग एका इंजिनिअरने मला सांगितले, की फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला वीस ते सव्वीस-सत्तावीस किलो वजन टांगले तर जो पीळ बसेल, तेवढा. म्हणजे एका हाताची बेताची ओढ. पण रस्त्याकडेच्या गॅरेजात पान्याच्या दांड्यात पाइप घालण्याची रीत आहे. पाइप मीटरभराचा असला आणि साठ किलोचा गडी त्याच्यावर लोंबकळला, तर तो पीळ सहाशे न्यूटन-मीटरच्या घरात जातो, हवा त्याच्या आठपट. बूच पोलादाचे असते. त्याला ते बहुधा सोसते. त्याला धरणारी चेंबरची भिंत पुष्कळदा बीडाची, अॅल्युमिनियमची किंवा पातळ पत्र्याला डकवलेल्या मऊ लोखंडी कड्याची असते. तिला ते सोसत नाही. शिवाय भार सगळ्या आट्यांवर सारखा वाटला जात नाही. डोक्याजवळचे पहिले दोन-तीन आटेच त्यातला बराचसा उचलतात. एकत्र कुटुंबात असेच असते म्हणा. ते वाकले, की ओझे पुढच्यांवर जाते, मग त्यांच्या पुढच्यांवर. हे एका दिवसात होत नाही. दर तेल-बदलाला थोडे थोडे होते.

हे सारे मला कळले ते होसकोट्यात. मी मूळचा जत तालुक्यातला, म्हणजे मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा ज्या मुलखात एकाच चुलीवर शिजतात तिथला. होसकोट्यात एका मालवाहतूक कचेरीत मी तीस वर्षांहून अधिक काळ बिल्ट्या लिहिल्या. गावाचे नावच ‘नवा कोट’. सुगटूरच्या तम्मेगौडाने १५९५ च्या सुमारास तो बांधला. विजापूरकरांनी १६३८ मध्ये शहाजीराजांना या बाजूची जहागीर दिली, तीत बंगळूर, कोलार यांच्याबरोबर होसकोटेही होते. १७६८ च्या ऑगस्टात गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांच्या इथल्या छावणीवर हैदरने रात्री छापा घातला होता. तेव्हा मराठी माणसाला हे गाव नवे नाही, जरी आज येणाऱ्याला ते ठाऊक नसते. आज येणारा येतो तो लॉरीने. २०१० च्या फेरक्रमांकनापर्यंत ज्याला राष्ट्रीय महामार्ग ४ म्हणत, तो ठाण्याकडून पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, तुमकूर करीत बंगळुरास येई आणि तिथून होसकोटे, कोलार, चित्तूर यांवरून मद्रासेस जाई. क्रमांक बदलले, वाहतूक तीच राहिली. नाशिकचा कांदा इकडे येतो. कोलारचा टोमॅटो तिकडे जातो. बंगळुराच्या गर्दीत शिरायचे नसलेल्या लॉऱ्या होसकोट्याहूनच उजवीकडे वळून देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूर, दाबसपेट अशा बाहेरून निघून जातात. त्या वळणाच्या अलीकडे गॅरेजांची एक ओळ आहे. गावापासून थोड्या अंतरावर १९९८ पासून व्होल्वोचा ट्रकचा कारखानाही आहे. अशा कारखान्यांत बोल्ट आवळणारे हत्यार ठरल्या मापाला आपोआप थांबते. आमच्या ओळीत ते हात थांबवतो, किंवा थांबवीत नाही.

कचेरी त्या ओळीच्या समोरच असल्यामुळे दुभाष्याचे काम माझ्याकडे आपोआप आले. महाराष्ट्राच्या पाटीची गाडी बिघडून थांबली, की गॅरेजवाले पोराला धाडीत. मिस्त्री दख्खनी आणि कानडी बोलणारे. ड्रायव्हर माणदेशातला, नाहीतर चंदगडचा. पैशाचे आकडे उभयतांना समजत, पण बिघाडाचे कारण समजत नसे, आणि भांडण नेहमी कारणावरून होई.

२०१८ च्या मे महिन्यात अशीच एक दहा टनी गाडी सकाळी नवाच्या सुमारास ओळीत येऊन थांबली. आत साडेसहाशेच्या वर क्रेट, दर क्रेटात पंधरा किलो टोमॅटो, पहाटे कोलारच्या बाजारातून भरलेले, वाशीला पोचवायचे. मालक स्वतःच चालवीत होता. सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा, पन्नाशीचा, रापलेला माणूस. बरोबर किन्नर म्हणून गावातलाच एक पोर, अठरा-एकोणीस वर्षांचा. मला पाहताच मालक म्हणाला, “काका, तुमी मराठी हाय न्हवं? बगा की, ह्या बेन्यानं सकाळच्या पारी माझा धंदा बुडीवला.”

घडले होते ते एवढेच. नरसापूरच्या पुढे चहाला थांबले असता पोराने नेहमीप्रमाणे गाडीखाली डोकावून पाहिले, तर चेंबरच्या बुचातून तेल ठिबकत होते. त्याने पाना लावला आणि बूच आवळायला गेला. बूच अर्धा वेढा फिरले, आणखी अर्धा फिरले आणि मग फिरतच राहिले. फुकट फिरू लागले, असे आपण म्हणतो. ठिबकण्याची धार झाली. दोघांनी चिंध्या कोंबून, खाली डबा बांधून, दर दोन-तीन मैलांवर थांबून पट्टी बघत कशीबशी गाडी आणली होती. आता मालकाचे म्हणणे असे, की चांगला बोल्ट या पोराने तोडला. खर्च तो पोराच्या पगारातून कापणार होता आणि इथून त्याला एस.टी.ने परत धाडणार होता. “माज्या गाडीवर नगं आसला धसमुसळा गडी,” हे त्याने मिस्त्रीला, मला आणि समोरच्या पानवाल्याला प्रत्येकी एकदा सांगितले. पोर काही बोलत नव्हता. तो डबा रिकामा करून पुन्हा खाली ठेवीत होता.

मिस्त्रीने पहिला तोडगा सुचवला तो कोणीही सुचवील असाच: बूच बाहेर काढायचे, आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायची, बसवायचे आणि भोवती एम-सील थापून द्यायचे. तासाभराचे काम, गाडी दहाला हलेल. मालकाला हे एकदम पसंत होते. वाशीच्या अडत्याचा दोनदा फोन येऊन गेला होता. मे महिन्याचे ऊन, ताडपत्रीखाली टोमॅटो. त्याची घाई समजण्यासारखी होती. रस्त्यावरचे लोक अशा युक्त्यांत मोठे वाकबगार असतात. डिझेलच्या टाकीला बारीक झिरप लागली, तर अंगाचा साबण घासून ती बंद करतात, आणि ती खरोखर बंद होते, कारण डिझेलमध्ये साबण विरघळत नाही. परंतु टाकी थंड असते. इंजिनातले तेल चालत्या गाडीत पाणी उकळेल इतके तापते. त्या तेलाने माखलेल्या धातूवर कुठलाही लेप नीट धरत नाही, आणि वर इंजिनाची थरथर. मी हे मालकाला सांगितले. तो म्हणाला, “पुण्यापातुर जाऊ द्या, फुडचं फुडं बगू.” होसकोटे ते पुणे हे अंतर साडेआठशे किलोमीटरच्या वर आहे.

ओळीच्या टोकाला एक म्हातारा टर्नर होता. सगळे त्याला उस्ताद म्हणत. मिस्त्रीने बूच काढून त्याच्याकडे पाठवले, तेव्हा मीही गेलो, आणि माझ्यामागून मालक, आणि थोडे अंतर ठेवून तो पोर. उस्तादाने बूच रॉकेलात बुडवले, चिंधीने पुसले, उजेडात धरले आणि बराच वेळ फिरवून फिरवून पाहिले. मग त्याने जे बोलायला सुरुवात केली, त्याचे भाषांतर करताना मला माझ्या सबंध नोकरीत आले नसेल एवढे समाधान आले.

आट्यांच्या खोबणीत पांढऱ्या पट्टीचे तुकडे होते, तेलाने काळे पडलेले. म्हणजे पट्टी पूर्वीच केव्हातरी कोणीतरी गुंडाळली होती. डोक्याखाली एकाऐवजी दोन चकत्या होत्या, एक तांब्याची, चेंगरून पापडासारखी झालेली, आणि तिच्यावर एक पत्र्याची. म्हणजे बूच पूर्वीच तळाला टेकत नव्हते, ते भरून काढण्यासाठी कोणी दुसरी चकती घातली होती. सहा कोनांपैकी चार गुळगुळीत झाले होते आणि त्या गोलाईवर गंज बसला होता. आज सकाळी निसटलेल्या पान्याची खूण चकचकीत दिसते. गंजायला तिला दिवस लागतात. तशी ताजी खूण एकच होती, तीही बारीकशी. आणि शेवटी सगळ्यांत मोठा पुरावा: बुचाला वेटोळे घालून धातूचा एक तारेसारखा तुकडा निघून आला होता, स्प्रिंगसारखा. ते चेंबरचे आटे होते, मुळापासून उपटून आलेले. उस्तादाने तो तुकडा नखाने सोडवून माझ्या तळहातावर ठेवला. त्याचा एक कड तिरका कापलेला होता. बूच पूर्वी केव्हातरी तिरके धरून, आट्यात आटा न मिळवता, जोराने आत घातले गेले होते, आणि घालणाऱ्याला ते जड गेले म्हणून त्याने पाइप लावला होता. “ये छोकरा नै मारा जी,” उस्ताद म्हणाला, “ये चूडी पैलेच मरको थी. इसके हात में खाली गिर गई.”

मालकाने शेवटचा तेल-बदल आपल्या जिल्ह्यातल्या एका नेहमीच्या ठिकाणी केला होता. त्याआधी कुठे, हे त्याला आठवेना. गाडी त्याने जुनी घेतलेली. त्याच्यापूर्वी तिचे किती मालक झाले आणि त्यांच्या किती मिस्त्र्यांनी बूच गळू नये या भीतीने एकेक वेढा जास्त दिला, याचा हिशेब कोण काढणार? मी बिल्ट्या लिहिणारा माणूस. असल्या हिशेबाशी माझा जुना परिचय. माल पोचल्यावर पेटी फुटलेली निघाली, की दोष शेवटच्या हमालाचा ठरतो, कारण पेटी त्याच्या पाठीवर असताना लोकांनी ती पाहिलेली असते. ती कुठल्या गोदामात आधी आपटली गेली, कोणत्या गचक्याला तिची फळी सुटली, हे बिल्टीवर कुठेच उतरत नाही. माझ्या हातूनच अशा किती हमालांच्या नावावर तूट मांडली गेली, ती मांडण्याची रीतच तशी होती. लोखंड त्या मानाने प्रामाणिक. त्याच्यावर जो जो हात पडतो, त्याची खूण राहते. वाचणारा भेटला पाहिजे.

मालकाने सगळे ऐकून घेतले. त्याने पोराकडे पाहिले नाही आणि माफी मागेल अशी कोणाची अपेक्षाही नव्हती. त्याने एवढेच विचारले, “मग आता ह्याचं काय करायचं?”

मार्ग तसे बरेच असतात. नुसते बूचच खराब असेल, तर नवे आणून लावावे. चेंबरचे आटे थोडे दुखावलेले असतील, तर त्याच मापाचा टॅप फिरवून ते साफ करावे. भोकात पोलादी तारेचे तयार वेटोळे बसवून मूळ मापाचे आटे परत मिळवण्याचीही एक विद्या आहे, ती सुबक खरी, पण त्या वेटोळ्यांचा संच त्या दिवशी ओळीत कोणाकडे नव्हता. स्वतःचे आटे स्वतः कापीत जाणारे जाडे बूच बाजारात मिळते. ते गाडीखाली पडल्या पडल्या बसवता येते, मात्र त्याने कापलेला किस चेंबरमध्ये पडतो आणि तेलाबरोबर फिरायला निघतो. उस्तादाचे मत पडले, की चेंबर खाली उतरवावे, भोक मोठे करून चोवीस मिलिमीटरचे नवे आटे पाडावेत आणि त्या मापाचे बूच लेथवर करावे. कड्याचे लोखंड जाड आहे, तेवढे सोसेल. दिवस जाईल.

दिवस म्हटल्यावर मालक मटकन खाली बसला. मी त्याच्याशी कानडी मुलखातल्या कचेरीतला कारकून म्हणून बोललो नाही. जतचा माणूस म्हणून बोललो. टोमॅटो एक दिवस उशिरा पोचला, तर भाव पडेल, थोडा माल मऊ पडेल. इंजिन तुमकुराजवळ रात्री धरले, तर टोमॅटो जाईल, इंजिन जाईल आणि गाडी ओढून न्यायचे भाडे वर. त्याने अडत्याला फोन लावला. काय बोलणे झाले ते मी ऐकले नाही. परत येऊन त्याने पोराला हाक मारली आणि म्हणाला, “पाना घे. बोल्ट खोलाय लाग.” मला वाटते, त्यातच सगळे आले होते.

चेंबरच्या कडेने वीस-पंचवीस बोल्ट असतात. ते पोराने खोलले, एकही न हरवता, एका पत्र्याच्या झाकणात ओळीने मांडून ठेवले. दुपारपर्यंत चेंबर धुऊन उस्तादाच्या शेगड्यात अडकवलेला होता.

उस्तादाचा लेथ पाहण्यासारखा होता. त्याच्या बिडाच्या अंगावर मैसूर किर्लोस्कर हे नाव उठवलेले होते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मूळचे बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. १९०३ मध्ये त्यांनी लोखंडी नांगर केला, १९१० मध्ये आमच्या सांगली जिल्ह्यात आज असलेली किर्लोस्करवाडी वसवली. आणि पुढे १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात, तुंगभद्रेकाठच्या हरिहरला, त्यांच्या घराण्याचा लेथचा कारखाना उभा राहिला. हरिहर याच जुन्या रस्त्यावर आहे. तो कारखाना बंद पडून आता बरीच वर्षे झाली, पण त्याचे लेथ कानडी मुलखातल्या गल्लीबोळांत अजून फिरताहेत.

लेथवर आटे पाडणे ही मोठी मौजेची गोष्ट आहे. लेथमध्ये स्वतःचा एक लांबलचक मळसूत्री दांडा असतो. तो फिरतो तसे हत्यार पुढे सरकते आणि सळईवर त्याच्या चालीने आटे कोरले जातात. म्हणजे आटे आट्यांपासूनच जन्मतात. १८०० च्या सुमारास लंडनच्या हेन्री मॉड्स्लेने असा लेथ नीट बांधला. १८४१ मध्ये व्हिटवर्थने आट्यांचा कोन आणि अंतरे ठरवून द्यावीत असे सुचवले. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असत आणि एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात जात नसे. उस्तादाच्या लेथचा दांडा इंचाच्या मापाचा होता आणि बुचाला आटे हवे होते दीड मिलिमीटर अंतराचे. आपल्याकडे दशमान मापांचा कायदा १९५६ चा, पण यंत्रे कायद्याने बदलत नाहीत. उस्तादाने फळीवरून एक मोठे दातेरी चक्र काढले आणि मधे बसवले. त्याला १२७ दाते असतात. पाच इंच म्हणजे बरोबर १२७ मिलिमीटर. ते चक्र मधे घातले, की इंचाने चालणारा दांडा मिलिमीटरचे आटे पाडू लागतो. मी त्या चक्राकडे पाहतच राहिलो. दोहोंच्या मधे उभे राहून एकाचे दुसऱ्याला समजेल असे करून सांगणारा मीच एकटा त्या ओळीत आहे, असे मी इतकी वर्षे समजत होतो.

षट्कोनी पोलादी सळईचा तुकडा कापून तासाभरात बूच तयार झाले. चेंबरमधले आटे मात्र उस्तादाने हाताने पाडले. टॅप तीन असतात, पहिला निमुळता, दुसरा मधला, तिसरा पुरा. अर्धा वेढा पुढे, पाव वेढा मागे, अशी त्याची चाल. मागे घेतले, की कापलेला किस तुटतो आणि खोबणीत अडकत नाही. पोर शेजारी उभा राहून तेलाचे थेंब सोडत होता. तिसऱ्या टॅपला उस्तादाने दांडा त्याच्या हातात दिला. मालक दारात उभा होता. तो काही म्हणाला नाही.

संध्याकाळी चेंबर चढवला, नवे पॅकिंग लावले. तांब्याची चकती उस्तादाने गॅसच्या ज्योतीत लाल करून पाण्यात टाकली आणि मग बूच बोटांनी, नुसत्या बोटांनी, शेवटपर्यंत फिरवीत नेले. ते बोटांनी गेले नाही तर समजावे की तिरके आहे, हे त्याने पोराला सांगितले आणि मी मराठीत सांगितले, जरी पोराला ते एव्हाना माझ्यावाचूनही समजत होते. मग पाना लावला. पाना टोकाला न धरता मध्यावर धरला, म्हणजे हाताला उगीच जास्त बळ मिळत नाही. चकती बसल्याचे हाताला कळते, म्हणे. त्याने एकदाच ओढले आणि पाना काढून घेतला. मालक म्हणाला, “आजून जरा आवळा की उस्ताद.” हे मी भाषांतरित केले नाही.

नवे तेल भरले. इंजिन चालू करून दहा मिनिटे ठेवले, खाली कागद पसरला. कागद कोरडा राहिला. सगळे मिळून खर्च तेलासकट साडेपाच हजारांच्या आत होता, आणि तो पोराच्या पगारातून कापण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही. निघताना उस्तादाला एक आठवण झाली. बूच आता चोवीसचे होते. पुढच्या वेळी कोणी पुस्तक पाहून बावीसचे आणील, ते सैल बसेल आणि पुन्हा पट्टी, पुन्हा पत्र्याची चकती सुरू होईल. त्याने रंगाचा डबा पुढे केला. पोर पाठीवर सरकत गाडीखाली गेला आणि चेंबरच्या पत्र्यावर, बुचाशेजारी, पिवळ्या रंगात ‘२४’ असे लिहून बाहेर आला. मिस्त्री वाकून पाहत म्हणाला, हे आकडे मद्रासकडे कोण वाचणार? पोर पुन्हा आत गेला आणि त्याच्याखाली तेच इंग्रजी आकड्यांत लिहिले. साडेसहाला गाडी देवनहळ्ळीच्या रस्त्याला लागली.